पाच लाख संस्था आणि एक अडकलेलं चेकबुक

सकाळी सकाळी तो फॉरवर्ड पुन्हा आला. "महाराष्ट्रात पाच लाख एनजीओ आहेत, मग गरिबी का हटत नाही?" खाली हसऱ्या बाहुल्यांची रांग. टाकणाऱ्याने वर लिहिलंय, "सगळे काळ्याचं पांढरं करायचे धंदे." लिहिणारा माणूस वाईट नाही. मंडळाची वर्गणी काढतो, रक्तदान शिबिरात खुर्च्या मांडतो. ज्या पाच लाखांना तो शिव्या घालतोय त्यातल्याच एखाद्याच्या कार्यकारिणीत त्याचंही नाव असेल.

आकडा खोटा नाही. 2015 साली सीबीआयने सर्वोच्च न्यायालयात जी माहिती दिली त्यात देशभरात 31 लाखांवर संस्था होत्या आणि उत्तर प्रदेशाच्या खालोखाल महाराष्ट्रात 5 लाखांवर. पण हा आकडा 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालच्या संस्थांचा. सात माणसं, एक घटना (म्हणजे नियमावली), एक विधानपत्र (म्हणजे उद्देशांचा कागद), झाली संस्था. त्यात शाळा चालवणारं मंडळ येतं, तालीम येते, ज्येष्ठ नागरिक संघ येतो, ज्ञातीचं वधूवर मंडळ येतं, हौशी नाट्यसंस्था येते, भजनी मंडळ येतं. तुमच्या डोळ्यांसमोर एनजीओ म्हटल्यावर जी जीप आणि जो प्रोजेक्ट उभा राहतो, तो या गर्दीत शोधावा लागेल. आणि ज्या न्यासांनी (ट्रस्टांनी) सोसायटी नोंदणी केलीच नाही, ते किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालच्या ना-नफा कंपन्या या मोजणीत नाहीतच.

एका वाचनालयाची गोष्ट सांगते. तालुक्याचं नाव सांगत नाही. 'ड' वर्ग म्हणजे अनुदानाच्या यादीत सर्वांत खालचा, दोन लोखंडी कपाटं, तीन-चार वर्तमानपत्रं, संध्याकाळी दोन तास उघडं. हे वाचनालय त्या पाच लाखांतलं एक. त्याच्या बँक खात्यात सरकारी अनुदानाचा हप्ता येऊन पडलाय आणि एक रुपया काढता येत नाही. चेकवर अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या लागतात. अध्यक्ष वारले. बँक म्हणते, नव्या अध्यक्षाचं नाव असलेला परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीची नक्कल, आणा. उताऱ्यावर अजून 1994 ची माणसं आहेत. सात विश्वस्तांपैकी चार हयात नाहीत.

असं का होतं ते बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून नीट सांगते.

आपल्याकडे सोसायटी नोंदली की तिला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास म्हणूनही नोंदवावं लागतं. म्हणून लेटरहेडवर दोन क्रमांक दिसतात, एक 'महाराष्ट्र/अमुक/साल/जिल्हा' आणि दुसरा 'एफ' ने सुरू होणारा. ('एफ' म्हणजे सोसायटी, 'ई' म्हणजे सर्वसाधारण धर्मादाय न्यास, 'ए' म्हणजे हिंदू देवस्थानं वगैरे. पाटीवरचा क्रमांक वाचला तरी संस्थेची जात कळते.) दोन कायदे म्हणजे दोन वह्या. सोसायटी म्हणून दर वार्षिक सभेनंतर कार्यकारिणीची यादी द्यायची. न्यास म्हणून वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत लेखापरीक्षण अहवाल द्यायचा, ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये, उत्पन्न-खर्च नऊमध्ये. विश्वस्तांत किंवा मालमत्तेत काहीही बदल झाला की कलम 22 खाली 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल नोंदवून घ्यायचा अर्ज.

घोटाळा इथेच होतो. गावातल्या लोकांना वाटतं, निवडणूक बिनविरोध झाली, आता कळवायचं काय? यादी दिली की झालं. नाही झालं. यादी वेगळी, चेंज रिपोर्ट वेगळा. यादी नुसती फाइलला लागते, चेंज रिपोर्टवर आदेश होतो आणि तो आदेश झाल्याशिवाय उताऱ्यावरचं नाव हलत नाही.

त्या वाचनालयाने 2003 चा चेंज रिपोर्ट दिला होता. सुनावणीच्या तारखेला कोणी गेलं नाही, तो पडून राहिला. पुढच्या दोन निवडणुकांचे दिलेच नाहीत. आता 2003 चा निकाली निघाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, कारण पुढच्या सभेची सूचना ज्या सचिवाने काढली तो सचिव रेकॉर्डवर सचिवच नाही! म्हणजे साखळी पहिल्या कडीपासून जोडायची. प्रत्येक कडीला सभेची सूचना, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्ताची प्रत, नव्यांची संमतिपत्रं, जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र आणि वर विलंब माफीचा अर्ज. सूचना पोचल्याचा पुरावा हमखास नसतो. गावात सूचना कोण पोस्टाने पाठवतो? शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो आणि सह्या घेतो. ती वही जपली तर वाचलात. यांची वही वाळवीने खाल्ली.

2017 च्या दुरुस्तीनंतर वाद नसेल तर 15 कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता द्यायची सोय कायद्यात आहे. कागदावर फार सुंदर दिसते. पण ती ताज्या आणि सरळ बदलाला कामी येते, वीस वर्षांच्या गाठोड्याला नाही.

आता मला सांगा, हे वाचनालय काळ्याचं पांढरं करतंय?

बरं, चोर आहेत. मान्य. शिक्षणसम्राट आपण सगळ्यांनीच पाहिलेत आणि एकाच घरातले पाच विश्वस्त असलेल्या 'सामाजिक' संस्थाही पाहिल्यात. पुढे.

पण त्यांचं काय वाकडं होतं? त्यांच्याकडे वकील असतो, सीए असतो, नुसतं ट्रस्टचं काम बघायला ठेवलेला पगारी माणूस असतो. त्यांचे चेंज रिपोर्ट वेळेत जातात. नियम जितके वाढवाल तितके ते सुरक्षित आणि वाचनालय मरतं. धर्मादाय रुग्णालयांचंच घ्या. त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम 41 एए खालच्या योजनेत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत. पेशंटच्या नातेवाइकाला हे काउंटरवर आपणहून कोणी सांगतं का? (कोणी अडकलं असेल तर थेट 'आयपीएफ' चा, म्हणजे निर्धन रुग्ण निधीचा, अर्ज मागा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा. खाट शिल्लक नाही म्हणाले तर तसं लेखी मागा.) तिथे राग काढा ना. पाच लाखांवर कशाला?

मोठ्यांबद्दलही एक सांगते, कारण तो फॉरवर्ड टाकणारा उद्या बाबा आमट्यांचा फोटोही टाकणार आहे. वरोऱ्याची महारोगी सेवा समिती 1949 ची (हेमलकसाचा 1973 चा प्रकल्प तिचाच), गडचिरोलीचं सर्च 1986 चं, कर्मवीरांची रयत 1919 ची. याही नोंदलेल्या संस्थाच आहेत. त्यांनाही हीच परिशिष्टं भरावी लागतात. तुम्ही ज्यांना हात जोडता आणि ज्यांना चोर म्हणता, त्यांच्या फायली एकाच खात्याच्या कपाटांत आहेत.

आणि 'पाच लाख' यातले जिवंत किती, हा खरा प्रश्न कोणी विचारत नाही. संस्था काढणं सोपं, बंद करणं महाकठीण. सोसायटी विसर्जित करायची तर खास सभा बोलवून तीन पंचमांश सभासदांनी ठराव करावा लागतो. उरलेली मालमत्ता सभासदांत वाटून घेता येत नाही, दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. आता मंडळ फुटलं, माणसं मुंबई-पुण्याला गेली, तर ही तीन पंचमांश माणसं गोळा कोण करणार? कोणी करत नाही. संस्था रजिस्टरमध्ये तशीच राहते, मेलेली, तरी मोजली जाणारी. 2017 च्या सुमारास धर्मादाय खात्याने निष्क्रिय न्यासांची नोंदणी रद्द करायची मोहीम काढली होती. गरजेचीच होती, हे मी नाइलाजाने कबूल करते. पण हिशेब दिला नाही हा निकष लावला की ते वाचनालयही मेलेल्यांत बसतं, आणि ते तर रोज संध्याकाळी उघडतं.

पैशाचं बोलायचं तर तेही बघा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा, पैसा देशात सर्वांत जास्त आपल्या राज्यात येतो. तो घ्यायला काय लागतं? आयकरातून सूट मिळवायची नोंदणी (12 ए म्हणून ओळखली जाणारी), जी 2021 पासून कायमची राहिली नाही, नूतनीकरण करावं लागतं. देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता (80 जी म्हणून ओळखली जाणारी). कंपनी खात्याकडे सीएसआर-1 अर्जाने नोंदणी. तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि लेखापरीक्षित हिशेब. 80 जी असेल तर 31 मेपर्यंत देणगीदारांच्या नावांचं विवरण, नाही भरलं तर दिवसाला 200 रुपये. परदेशी देणगीचं दारही 2020 नंतर असं झालंय की मुंबईतली मोठी संस्था ते पैसे गडचिरोलीतल्या छोट्या संस्थेला पुढे देऊच शकत नाही. आधी हीच वाट होती, छोट्यांना मोठ्यांच्या हाताने मिळायचं. ती बंद केली, आणि आता विचारतात, छोट्या संस्था दिसत का नाहीत.

चिडून लिहिलं खरं. थोडं शांत होते.

ग्रंथपाल बाईंशी दुपारी बोलणं झालं. वर्तमानपत्रांचं बिल त्या सात महिने स्वतःच्या पर्समधून देतायत. तक्रार नाही. उलट विचारत होत्या, "ताई, जुन्या सभासदांपैकी जे आहेत त्यांची प्रतिज्ञापत्रं घेतली तर वहीऐवजी चालतील ना?" चालतील बहुतेक. सभा झाली होती आणि सूचना मिळाली होती असं हयात सभासदांनी शपथेवर सांगितलं, कोणाची हरकत आली नाही, तर अधिकारी सहसा अडवत नाहीत. तिघांची झालीत. चौथे आजोबा मुलीकडे नाशिकला असतात, त्यांच्यासाठी रविवारी एसटीने जाणार आहेत. स्टॅम्पपेपर इथूनच घेऊन.

तुमच्यापैकी कोणाचं नाव कुठल्या मंडळाच्या यादीत असेल तर आजच उतारा काढून बघा, त्यावर कोणाची नावं आहेत. आणि फॉरवर्ड टाकणाऱ्या भाऊ, तुझ्या मंडळाचा शेवटचा चेंज रिपोर्ट कधी मंजूर झाला ते कमेंटमध्ये सांग. वाट बघते.