कोर्ट झाडणारा पोरगा कोर्टावर उतरला तर कोणाचं काय बिघडतं?

पाचगणीहून दुपारीच परत आलो, बॅगा अजून हॉलमध्ये तशाच पडल्यात, नवरा म्हणतोय उद्या लिही, पण उद्यापर्यंत डोकं शांत होईल आणि मला ते शांत व्हायला नकोय. हॉटेलचं नाव लिहिणार नाही, त्या पोराचंही नाही, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. कमेंटमध्येही कोणी विचारू नका.

तर झालं असं. आज सकाळी आमचा पिकलबॉलचा (टेनिससारखाच, पण छोट्या कोर्टावर पॅडल म्हणजे चपट्या बॅटीने खेळतात तो) डबल्सचा डाव ठरलेला. हॉटेलचं जुनं टेनिस कोर्ट आहे, त्याच्यावरच पिवळ्या पट्ट्या मारून पिकलबॉलची कोर्टं आखलीयत आणि चाकांवरचं नेट ढकलत आणून मध्ये लावतात. ऐनवेळी दीरांचा गुडघा आखडला. चौथा भिडू नाही. कोर्ट झाडणारा पोरगा तिथेच उभा होता, अठरा-एकोणीसचा असेल, हातात खराटा. मी म्हटलं, येतोस का रे खेळायला? त्याने एकदा रिसेप्शनकडे बघितलं, हात पँटला पुसले आणि कोपऱ्यात पडलेली हॉटेलची लाकडी पॅडल उचलली, मुठीला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. आमच्या हातात सगळ्यांच्या कार्बनच्या पॅडल, एकेकीची किंमत लिहायची लाज वाटते.

आणि मग जे खेळला ना तो!

ज्यांना पिकलबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात, तिथे उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही, टप्पा पडू द्यावा लागतो. त्यामुळे ताकदवाला माणूस तिथे फसतो आणि ज्याचा हात मऊ आहे तो जिंकतो. हा पोरगा मागच्या रेषेवरून असा अलगद बॉल सोडायचा की तो बरोब्बर आमच्या किचनमध्ये येऊन मरायचा. मी आणि माझी नणंद, आम्ही दोघी कॉलेजपासून टेनिस खेळलेल्या, नुसत्या बघत राहिलो. डबल्सचा स्कोअर एकामागून एक तीन वेगवेगळे आकडे म्हणून बोलायचा असतो, तोही घडाघडा बोलत होता, आमच्या नवऱ्यांना अजून ते जमत नाही. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, "गेस्ट खेळत्यात ते बघून. आन् रात्री लाँड्रीच्या मागच्या भितीवर मारतो."

अकरा पॉइंटांचा गेम आम्ही सरळ हरलो. मजा आली. इतकी मजा कितीतरी दिवसांत आली नव्हती.

दुसऱ्या गेमला बाकावर एक गृहस्थ येऊन बसले, मुंबईचेच, मराठीच, त्यांचा स्लॉट आमच्या नंतरचा. दोन मिनिटं बघितलं आणि फोन काढून रिसेप्शनला लावला. मॅनेजर धावत आला. "स्टाफला कोर्टावर अलाऊड नाही." मी सांगितलं, मी बोलावलंय, आमच्या वेळेत खेळतोय, पैसे आम्ही भरलेत. तर म्हणे मॅडम, पॉलिसी आहे. मी वाद घातला, चांगला घातला, आवाज चढवूनच घातला. पोराने तोवर पॅडल जाग्यावर ठेवून खराटा उचललेला. मलाच म्हणाला, "मॅडम, राहू द्या."

ते "राहू द्या" कानातून जात नाहीये. पसरणीचा घाट उतरलो, एक्स्प्रेसवे झाला, चेंबूरला तासभर अडकलो, तरी तेच.

हो, हॉटेल त्यांचं आहे, पैसा त्यांनी घातलाय, काही नियम लागतातच. मान्य. पण मला एक सांगा, त्या कोर्टाला कोर्ट ठेवतंय कोण? पाचगणी-महाबळेश्वरचा पाऊस तुम्हाला माहितीय, चार महिने तिथे कोणी रॅकेट हातात धरत नाही, कोर्टावर शेवाळ चढतं. ते खरवडतो कोण? मग दिवाळीच्या आधी रंग मारायचा, तांबड्या मातीची धूळ रोज झाडायची, सकाळचं दव वायपरने ओढायचं. हे सगळं ज्याने केलं त्याने त्या पट्ट्यांच्या आत पाय टाकला तर एका गेस्टची सकाळ खराब होते?

आणि नुसता झाडत नाही हो तो. त्याला ते कोर्ट कळतं. काल संध्याकाळी मी टेनिस खेळत होते तर माझे फोरहँड एकामागून एक बेसलाइनच्या बाहेर. मला वाटलं लय गेली. हा जाळीपाशी बॉल गोळा करत होता, हळूच म्हणाला, "हितं बॉल लांबच जातो मॅडम. मुंबईसारखं मारू नका, वरनं घासून मारा." पाचगणी चार हजार फुटांच्या वर आहे, हवा विरळ, बॉलला अडवायला काही नाही. आंतरराष्ट्रीय टेनिसच्या नियमांतसुद्धा 1219 मीटरच्या, म्हणजे चार हजार फुटांच्या वर खेळायचं तर वेगळा बॉल चालतो. त्या पोराने नियम वाचलेला नाही, त्याने बॉल बघितलेत. टॉपस्पिन वाढवला आणि बॉल आत पडायला लागले.

पिकलबॉलचंही तसंच. भोकं पाडलेला पोकळ प्लास्टिकचा बॉल, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, दरीतून वारा वर चढला की कुठेही जातो. म्हणून त्याने आम्हाला आठच्या आत खेळा म्हणून सांगितलेलं. थंडीत हे बॉल तडकतात आणि तडा डोळ्याला दिसत नाही. तर हा एकेक बॉल कानापाशी धरायचा, नखाने टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा आणि खराब असेल तर बाजूला टाकायचा. एवढं बारीक लक्ष आमच्या पार्ल्यातल्या कुठल्या कोचचं बघितलं नाही मी.

आता तुमच्यातले टेनिसवाले मला ऐकवतील की मुळात पिकलबॉल हा खेळच नाही, म्हाताऱ्यांचा टाइमपास आहे, त्याच्यासाठी चांगली टेनिस कोर्टं बरबाद करतायत. हे ऐकून मला कंटाळा आलाय. माझं टेनिसवर प्रेम आहे, मरेपर्यंत राहील. पण नाटेकरांच्या घराकडे बघा ना. नंदू नाटेकर, 1956 साली बॅडमिंटनमध्ये परदेशात स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय. मुलगा गौरव, 1994 ला हिरोशिमाच्या एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर टेनिस डबल्सचं गोल्ड. आणि तोच गौरव नाटेकर आज पिकलबॉलच्या लीगमागे उभा आहे. त्याला कमीपणा वाटत नाही तर तुम्हाला कशाला वाटतो? आणि हा खेळ भारतात रुजवला तोही मराठी माणसानेच, सुनील वालावलकरांनी, तेव्हा मुंबईत कोणाला नावही माहीत नव्हतं. आवाज होतो, टक-टक-टक डोक्यात जातं, तेवढं खरंय, ज्यांच्या खिडकीखाली कोर्ट आहे त्यांची चिडचिड समजू शकते.

पण हा खेळ मुळात कसा निघाला बघा. 1965, अमेरिकेत सिएटलजवळचं एक बेट, सुट्टीत पोरं कंटाळलेली, बॅडमिंटनचं सामान धड नाही, म्हणून मोठ्यांनी जे हाताला लागलं ते घेतलं, टेबल टेनिसच्या बॅटी, प्लास्टिकचा बॉल, आणि लावला खेळ. घरातल्या सगळ्यांना एकत्र खेळता यावं, एवढाच उद्देश. एका टेनिस कोर्टाच्या जागेत चार कोर्टं बसतात, म्हणजे चार माणसांच्या जागी सोळा. आणि आपण काय केलं? मुंबईत तासाला हजारच्या वर भाडं लावलं, टॉवरच्या गच्चीवर नेऊन ठेवला, आणि डोंगरावर गेलो तर तिथेही कुंपण घातलं.

लिहिता लिहिता परत डोकं तापलं. पाणी पिऊन आले.

मला त्या बाकावरच्या गृहस्थांचाही विचार करायचाय. वाईट माणूस नसेल. बायको-मुलं बरोबर होती, नंतर नाश्त्याला मुलीला प्रेमाने घावन भरवत होता. त्याला खरंच वाटलं असणार की आपण काही चुकीचं केलं नाही, नियम मोडत होते ते दाखवून दिलं. म्हणूनच जास्त राग येतो मला! कारण हे जुनं आहे. पळवणकर बाळू आठवा, शंभरेक वर्षांपूर्वीचा दलित क्रिकेटपटू. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात पिच रोल करायचा, नेट लावायचा, साहेबांना बोलिंग टाकायचा. बॅटिंग कधी दिली नाही. पुढे हिंदूंच्या टीममध्ये घेतलं तर मैदानावर सगळे बरोबर आणि चहाच्या वेळी हा बाहेर, मातीच्या भांड्यात. त्या बाळूने 1911 ला इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या. आज आपण सगळे अभिमानाने ही गोष्ट सांगतो, शेअर करतो, "आपला बाळू" म्हणतो. मग आज सकाळी कोर्टावर जे झालं ते वेगळं कसं, मला कोणीतरी समजावून सांगा. तो पोरगा बाळू होईल असं मी म्हणत नाही. नसेलही होणार. त्याला खेळायला मिळण्यासाठी त्याने चॅम्पियन असायलाच हवं का?

सोमवार ते गुरुवार ते कोर्ट ओस असतं. मी मॅनेजरला हेच म्हटलं, दुपारी दोन तास स्टाफला आणि गावातल्या पोरांना द्या, तुमचं एक रुपयाचं नुकसान नाही. वरती विचारतो म्हणाला. हॉटेलच्या ऑफिसला ईमेलही टाकलाय आत्ता, सविस्तर, त्या पोराचा उल्लेख न करता.

पण त्यांच्या उत्तराची वाट बघत बसणार नाही. निघताना पोरगा गाडीत बॅगा ठेवायला आला होता, तेव्हा बोललो. गावात त्याच्या जुन्या शाळेमागे सिमेंटचं बॅडमिंटन कोर्ट आहे, वापरात नाही. पिकलबॉलचं कोर्ट आणि बॅडमिंटनचं डबल्सचं कोर्ट एकाच मापाचं असतं, वीस बाय चव्वेचाळीस फूट, म्हणजे नवीन काही बांधायला नको. नेट खाली ओढायचं, मध्ये 34 इंच, आणि खडूने किचनच्या दोन रेषा मारायच्या, झालं. शाळेच्या हेडसरांशी बोलतो म्हणाला, आणि आणखी पाच-सहा जण आहेत म्हणे, वेटर, ड्रायव्हरची पोरं, एक घोडेवाल्याची मुलगी पण आहे, "ती माझ्यापेक्षा भारी खेळती" असं त्याचं म्हणणं.

तर पार्ले-अंधेरी-दादरकडच्या मंडळींनो, नवीन पॅडल घेतल्यावर जुन्या कपाटात पडलेल्या असतात तुमच्या, मला माहितीय. इनबॉक्स करा, मी घरी येऊन घेऊन जाईन. बॉल दिलेत तर बाहेर खेळायचेच द्या, ते जरा जड आणि छोट्या भोकांचे असतात ते, इनडोअरचे तिथल्या वाऱ्यात टिकणार नाहीत. पुढच्या महिन्यात आमची गाडी परत चाललीय, मागची सीट रिकामी ठेवतेय.