खोलीचा दोष की खोक्याचा?

स्पीकरची जोडी एकमेकींशी जुळवण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की खोलीच आवाजाच्या पातळीत 10-10 डीबीचे (डेसिबलचे) खड्डे पाडते, मग दोन स्पीकरचे ड्रायव्हर, म्हणजे आतला वूफर (जाड आवाजाचा) आणि ट्वीटर (बारीक आवाजाचा), अर्ध्या डीबीत जुळवत बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा. अर्धं मान्य आहे. खाली बेसमध्ये खोलीचंच राज्य असतं, आणि वूफरचा एफएस (त्याची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या) दोन-चार हर्ट्झने इकडेतिकडे असला तर मीपण बघत नाही. पण वर, साधारण 1 किलोहर्ट्झच्या पुढे, आवाज कुठून येतोय हे कान आधी पोचलेल्या थेट आवाजावरूनच ठरवतो, भिंतीवरून येणारा नंतर येतो. तिथे डावं-उजवं सारखं नसेल तर गाणारी बाई मधे उभी राहतच नाही, सुरागणिक थोडी सरकते.

माझ्याच जोडीत झालेलं सांगतो. आवाज सारखा डावीकडे ओढला जायचा, मीपण आधी खोलीलाच शिव्या घातल्या, पडदे हलवले, कपाट हलवलं, काही फरक नाही. शेवटी वैतागून दोन्ही स्पीकरची खोकी उचलून अदलाबदल केली (वायर तशाच, नाहीतर अँपचा दोषपण यात मिसळतो) तर ओढ उजवीकडे गेली! म्हणजे खोली निर्दोष. उघडून ट्वीटरकडे फक्त वरचे सूर सोडणारे कपॅसिटर मोजले, दोन्हीवर 6.8 मायक्रोफॅरड छापलेलं, टॉलरन्स 10 टक्के, आणि भरले एक 6.4 आणि दुसरा 7.2. दोन्ही नियमात बसतात बरं का. 8 ओहम धरून साध्या फर्स्ट ऑर्डरचा (एकाच कपॅसिटरच्या फिल्टरचा) हिशोब केला तर एकाचा क्रॉसओव्हर (जिथून वर ट्वीटर काम हाती घेतो ती जागा) 3100 हर्ट्झच्या आसपास आणि दुसऱ्याचा 2760, आणि त्याच्या खालच्या पट्ट्यात एक ट्वीटर जवळजवळ 1 डीबी मोठा. गळ्याची धार असते नेमकी तिथेच.

तुमचा दुसरा मुद्दा, इतके महागडे पार्ट लागत नाहीत हा, मात्र बरोबर आहे, सगळीकडे 1 टक्केवाले महागडे पार्ट घ्या असं मी लिहिलं होतं ते जरा जास्तच झालं. छापलेल्या आकड्याशी जुळायची गरजच नाही, दोन्ही बाजू एकमेकींशी जुळल्या की झालं. 5 टक्केवाले आठ-दहा घ्या, मीटरवर मोजा, सारखे निघतील ते दोन लावा. आणि ट्वीटरच कमीजास्त निघाले तर पॅडचा (ट्वीटरचा आवाज कमी करणाऱ्या जोडणीचा) रेझिस्टर बदलून भागतं. बीबीसीच्या एलएस3/5ए या छोट्या स्पीकरमधेपण क्रॉसओव्हरच्या सर्किटवर ट्वीटरची लेव्हल जुळवायला टॅप (कमीजास्त लेव्हलचे वेगवेगळे जोड) ठेवलेले होते, म्हणजे हे खूळ काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही.

तुम्ही एकदा मोनो आवाज (दोन्हीकडे एकच) लावून, वायर तशाच ठेवून खोकी अदलाबदल करून बघा. ओढ जागची हलली नाही तर दोष खोक्यांचा नाही, खोलीचा (किंवा अँपचा), तुम्ही जिंकलात, मी इथेच तसं लिहीन.