‘बाहेरून आलेल्या व्यक्ती’

दरवर्षी मार्च महिना आला की फेसबुक जुन्या आठवणी वर काढते आणि माझ्या यादीतील निम्मी मंडळी टाळेबंदीतील गावाची छायाचित्रे पुन्हा लावतात. खळ्यात वाळणारी फणसपोळी, पडवीत रंगलेला पत्त्यांचा डाव, ओस पडलेला किनारा, आणि खाली ‘किती निवांत दिवस होते’ अशी ओळ. (फणसपोळी थापणारी वहिनी त्या छायाचित्रात कधीच नसते, कारण त्या वेळी ती सतरा माणसांची भाकरी थापत असते.) या आठवणी खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. पण त्याच दिवसांची एक दोनशेपानी वही माझ्या कपाटात आहे. तिच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात ‘बाहेरून आलेल्या व्यक्तींची नोंद’ असा मथळा असून अकराव्या क्रमांकावर माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचे नाव आहे.

आमचे गाव दापोली तालुक्यातले. २०२० साली गुढीपाडवा आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस एकच होता, २५ मार्च. शिमग्यासाठी आलेले चाकरमानी पालखी नाचवून बहुतेक परत गेले होते. पहिला महिना आम्हाला फारसा जड गेला नाही, कारण घरात भात होता, कुळीथ होते, डब्यात सुकट होती आणि रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ मोफत मिळू लागला होता. हापूसवाल्यांची मात्र झोप उडाली होती, कारण वाशीच्या बाजाराचा भरवसा उरला नव्हता आणि झाडावरचा आंबा कोणाच्या आदेशाने थांबत नाही.

एप्रिलमध्ये गावात ग्राम कृती दल स्थापन झाले. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि लिहिता येते म्हणून मी. फाट्यावर रस्त्यात आडवा बांबू बांधायचा ठरला, तेव्हा गाठ मारणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

माझा भाऊ नालासोपाऱ्यात एका खोलीत राहतो. काम बंद, पगार बंद आणि चाळीत रुग्ण सापडलेला, अशा अवस्थेत मे महिन्याच्या मध्यावर तो बायको आणि दोन मुलांना घेऊन भाड्याच्या गाडीने निघाला. ई-पास काढला होता. गाडीभाड्यासाठी वहिनीच्या कानातले गहाण पडले, हे मला पुढे वर्षभराने कळले. कशेडी घाटात नोंदणी आणि तपासणी होऊन ही मंडळी पहाटे फाट्यावर पोहोचली, आणि मी वही उघडून त्याला विचारले, “पूर्ण नाव?” त्याने ते सांगितलेही, वडिलांच्या नावासकट.

चौदा दिवस त्यांना वाडीच्या शाळेत ठेवले. हा नियम चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. दवाखाना बारा किलोमीटरवर, घरटी एक तरी दम्याचा किंवा साखरेचा म्हातारा, आणि त्या वेळी आजाराविषयी कोणालाच धड काही ठाऊक नव्हते, अशा गावाने सावध राहू नये तर काय करावे? मला खुपते ते आम्ही तो नियम कसा पाळला ते. शाळेला पाणी विहिरीचे, पण त्यांनी पोहऱ्याला हात लावायचा नाही असे कोणीतरी ठरवले आणि कोणी मोडून काढले नाही, त्यामुळे दुसऱ्याने पाणी ओतेपर्यंत वहिनी हंडा खाली ठेवून दूर उभी राहायची. विटाळाचे जुने नियम आमच्या हाताला किती सहज आठवले, याची मला आजही भीती वाटते. माझी बायको दोन वेळचे डबे गडग्यावर ठेवून मागे सरायची. सहा वर्षांची पुतणी पलीकडून “काका, मी ताप नाय आणला” असे ओरडून सांगायची. चौदा दिवस संपल्यावरही पुढचा आठवडाभर आमच्याकडचे दूध शेजारी घेत नव्हते.

आमचे वडील परळच्या गिरणीत होते. १९८२ चा संप फसल्यावर ते वळकटी घेऊन कायमचे गावी आले. तोवर महिन्याच्या महिन्याला त्यांची मनीऑर्डर येत असे, आणि देवळाचा सभामंडप अशाच मनीऑर्डरींतून उभा राहिला आहे, हे त्याच्या भिंतीवरील देणगीदारांच्या फरशीवर कोरलेले आहे. बांबूची गोष्ट ऐकून ते मला एवढेच म्हणाले, “संपानंतर मी रिकाम्या हातांनी आलो होतो. तेव्हा कोणी माझं नाव विचारलं नाही.”

भाऊ घरी आला ३० मे रोजी. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दुपारी काही तासांत आमची सुपारीची बाग आडवी झाली, माडांचे शेंडे मोडले, घरावरची अर्धी कौले उडाली आणि शाळेच्या ज्या वर्गात ही चार माणसे झोपत होती त्याचे सगळे पत्रे पलीकडच्या मळ्यात जाऊन पडले. चार दिवसांचा फरक. मिरगाचा पाऊस तोंडावर आलेला, पत्रे कुठे मिळेनात, वीज तीन आठवडे नव्हती. त्या दिवसांत वाडीतील घरांवर कोण चढले होते? वाडीत उरलेल्यांत पन्नाशीच्या आतले आम्ही मोजके, बाकी सारे मुंबईहून आलेले तरुण, म्हणजे माझ्या वहीतले. त्यांनी कौले शाकारली, रस्त्यावरची झाडे तोडली, आणि ज्या विहिरीचा पोहरा त्यांना वर्ज्य होता तिच्यात पडलेला माड बाहेर काढला. नंतर लावणीलाही तेच उतरले, आणि दहा-बारा वर्षे पडीक असलेले आमचे खालचे कोपरे त्या वर्षी भाताखाली आले.

हे सारे झाल्यावर आम्ही शहाणे झालो असू, असे कोणाला वाटेल. ऑगस्टमध्ये गणपतीसाठी येणाऱ्यांना शासनाने दहा दिवसांचे विलगीकरण ठरवून दिले, तेव्हा आमच्या बैठकीत ते चौदाच ठेवा म्हणणारे आवाज चढे होते, आणि त्यांतील दोघांच्या घरांवरची कौले माझ्या भावाने बसवली होती.

मागच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडू पाहिला. त्या वर्षी शाळेत राहिलेल्यांना गावाने दिलेल्या वागणुकीबद्दल इतिवृत्तात दोन ओळींची दिलगिरी नोंदवावी, एवढाच. “जुनं कशाला उकरता, आता सगळे गुण्यागोविंदाने येतात-जातात,” असे उत्तर मिळाले आणि विषय नळपाणी योजनेकडे वळला. येतात-जातात हे खरेच आहे. भाऊही गणपतीला येतो, आरतीत पुढे असतो आणि शाळेवरून जाताना वहिनी मान वळवते.

वहीत एकूण ६३ नावे आहेत. तापमानाचा रकाना आशाताईंनी रोज भरलेला आहे, ‘शेरा’ हा रकाना मात्र सगळा कोरा आहे. त्या ६३ जणांपैकी जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी आपल्याला काय आठवते ते मला लिहून पाठवावे. आले तसे, एकही शब्द न बदलता, मी ते त्याच रकान्यात उतरवीन. भावालाही हे सांगितले. तो म्हणाला, “आधी वरचा मथळा खोड.”