ओटीपी फणसाखाली येतो

मालवणच्या जेट्टीवर होडीतून उतरताना माझा मोबाइल पाण्यात गेला. सिमकार्ड तेवढं वाचलं, ते आईच्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. लेकीच्या पुण्यातल्या कॉलेजची फी भरायचा तो शेवटचा दिवस, म्हणून बायकोला घेऊन मुकाट्याने बाजारातल्या सायबर कॅफेत गेलो. तिथे झेरॉक्स निघते, सातबारा निघतो, पासपोर्ट साइज फोटो निघतात. ज्यांना काहीच काढायचं नसतं ते पंख्याखाली बसायला येतात.

अशा कॉम्प्युटरवर बँकेचं काम करू नये, हे मला ठाऊक आहे. की-लॉगर नावाचा प्रोग्रॅम आपण दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपून ठेवतो. त्याचा यंत्रावतार कीबोर्डची वायर जिथे खोचतात तिथे बसतो, बोटाच्या पेराएवढा. म्हणून मी आधी टेबलाखाली वाकलो. तिथे मांजर झोपलेलं होतं.

"काकानू, काय पडला?" मालकाने विचारलं. "पासवर्ड माका सांगा, मी टाकतंय. तुमका येळ लागतलो."

नको म्हटल्यावर तो जरा रुसला. इन्कॉग्निटो खिडकी उघडली. तिचा उपयोग एवढाच, की मागे इतिहास राहत नाही. की-लॉगरला तिचं काडीचं भय नाही. पत्ता गूगलवर न शोधता स्वतः टाइप केला आणि शेवटी .bank.in आहे ना ते पाहिलं. रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्या बँकांना या पत्त्यावर यायला सांगितलं, हे एक बरं झालं. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्रही होतं. पण ते कुलूप वाटेतल्या चोरासाठी. पाठीमागच्या बाकावर बसलेल्या तात्यांसाठी काहीच सोय नाही.

खरी पंचाईत पुढेच. की-लॉगरला चकवायचं तर बँकेचा पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माउसने एकेक अक्षर टिपायचं. (काही प्रोग्रॅम पडद्याचेही फोटो काढतात, पण माणसाने भ्यावं तरी किती!) हा कीबोर्ड उघडला मात्र, अख्खं बाकडं पुढे सरकलं. अक्षरं ठळक, माउस संथ, आणि गर्दीला कामधंदा नाही. रशियातल्या हॅकरला माझ्या शिलकीत रस असेल-नसेल, आमच्या वाडीला नक्कीच आहे. शेवटी पाठीमागे छत्री उघडून धरली. भर मे महिन्यात, दुकानाच्या आत.

मग ओटीपी. दुकानात रेंज नाही. "भायर फणसाखाली गावता," मालक म्हणाला. उघडं खातं तात्यांच्या स्वाधीन करून मी फणसाखाली जाणं शक्य नव्हतं, म्हणून बायको फोन घेऊन तिथे उभी राहिली. फणसाखाली आणखी चारपाच जण आपापल्या ओटीपीची वाट बघत होते. त्यातला एक आपला आकडा रस्त्यापलीकडे ओरडून सांगत होता. मी बायकोला खुणेनेच बजावलं.

ती धावत आली, पण फोन देईना.

"अहो, रक्कम किती टाकलीत?"

"ओटीपी सांग आधी!"

"मेसेजात रक्कम लिहिलीय, कोणाला जातेय तेही लिहिलंय. जुळलं तरच सांगणार."

म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. फसवणूक पकडायची ती शेवटचीच जागा. फक्त जुळवाजुळव होईस्तोवर ओटीपीची मुदत संपली आणि तिला पुन्हा फणस गाठावा लागला.

फी गेली. लॉगआउट केलं, नुसती खिडकी बंद केली तर खातं उघडं राहू शकतं. पावती डाउनलोड झाली होती ती पुसायला गेलो, तर त्या फोल्डरात अर्ध्या तालुक्याची आधारकार्डं! माझी पावती तेवढी उडवली, रिसायकल बिनमधूनही. लेक घरी आल्यावर तिच्या मोबाइलवरून पासवर्ड बदलायचा होताच. काही विपरीत दिसलंच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला लगेच कळवणं. चूक आपली नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तिऱ्हाइताने केलेल्या चोरीचा भुर्दंड ग्राहकावर पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने 2017 साली केला होता.

मी छत्री मिटली. तात्या खुर्चीत बसले, खिशातून चुरगळलेली डायरी काढली आणि मालकाला खणखणीत आवाजात पासवर्ड सांगू लागले.

बाकड्यावरून कोणीतरी अदबीने म्हणालं, "तात्यानू, शेवटचो आकडो गेल्या म्हयन्यात बदललात ना तुमी?"