आधी बायोटिन थांबवा, मग तपासणीला रक्त द्या

चाई पडली (गोल चकत्यांत केस गेले) की थायरॉईड तपासा, असं चाईवरच्या एका लेखात म्हटलंय ते योग्यच. पण केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून किमान २ दिवस आधी बंद करा, लॅबमध्येही सांगा. नाहीतर काही यंत्रांवर टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) खोटा कमी आणि टी-४ (थायरॉईडचं संप्रेरक) खोटा जास्त दिसतो, आणि थायरॉईड वाढलाय समजून भलतेच उपचार सुरू होतात! टीएसएचबरोबर अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) हीही करावी का, तेही विचारा. घरात कुणाला कोड, इसब असेल तर आवर्जून सांगा. नखं उजेडात तिरपी धरून बघा. चाईत त्यांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे ओळीनं दिसू शकतात. लहान मुलांच्या चकत्यांवर खपल्या असतील तर मात्र नायट्याची शंका घ्या, तिथे स्वतःहून स्टिरॉइड मलम अजिबात नको.