कोर्टाचं दोन की आपलं दोन?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी लिफ्टने गेलो. कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी सचिव, आणि मंडळाची वार्षिक सभा २०१९ नंतर झालेलीच नव्हती.

सचिव कसा झालो तेही सांगून टाकतो. २०१९च्या सभेत मी चहा आणायला उठलो. परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. त्या दिवसापासून मंडळाचं मखर, चाळीस लेझिमी, दोन फाटके ढोल आणि शंभर माणसांचा रस्सा मावेल असं पातेलं माझ्या गॅरेजमध्ये सुखाने नांदतंय, आणि माझी गाडी बाहेर उन्हात.

पुढे करोना आला म्हणून सभा झाली नाही. मग करोना गेला, त्या आनंदात झाली नाही. तशीही आमची सभा म्हणजे दिवाळीच्या नाटकाच्या मध्यंतरात अध्यक्षांनी माईकवर ‘हिशेब मंजूर?’ विचारायचं आणि वड्याच्या रांगेतून कोणीतरी ‘मंजूर!’ ओरडायचं. सभा ग्राह्य धरायला गणसंख्या हवी एक तृतीयांश. २१२ सभासदांत ७१. वड्याला ७१ सहज येतात. सभेला एकोणीस, त्यातले चार माईकवाले.

हे काकांना खपत नव्हतं. काका निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर पूल तपासले, आता मंडळ तपासतात. त्यांनी चार ईमेल पाठवल्या. आम्ही चारही वेळा उत्तरादाखल सणाच्या शुभेच्छा पाठवल्या. मग काकांना कलम ५५१० सापडलं. कॅलिफोर्नियाच्या कॉर्पोरेशन्स कोडातलं हे कलम असं सांगतं, की सभेची ठरलेली तारीख उलटून ६० दिवस गेले, किंवा तारीखच ठरलेली नसेल तर मागच्या सभेला १५ महिने झाले, की काउंटीचं, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचं, सुपीरियर कोर्ट झटपट सभेचा हुकूम देऊ शकतं. अर्ज एखादा सभासद करू शकतो, नाहीतर राज्याचा ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील. ॲटर्नी जनरलना आमच्या मंडळात रस नव्हता. काकांना होता.

कोर्टाचे कागद अर्जदाराने स्वतःच्या हाताने द्यायचे नसतात, असा तिथला नियम. वयाची १८ वर्षं पूर्ण झालेला, खटल्यात पक्षकार नसलेला माणूस लागतो. काकांनी जावयाला पाठवलं, तेही गणपतीत. आरती संपली, जावयाने उजव्या हातात प्रसाद घेतला, डाव्या हाताने मला पाकीट दिलं आणि म्हणाला, ‘‘मोदक छान झालेत हं.’’ मोदक काकूंनी केलेले होते.

आता वकील. मला वाटलं होतं मी जाईन, हात जोडीन, माफी मागीन. पण मंडळ म्हणजे कायद्याने कॉर्पोरेशन, म्हणजे नोंदलेली संस्था, आणि कॉर्पोरेशनला तिथे वकिलाशिवाय उभं राहता येत नाही. वकीलबाईंचा तासाचा दर ऐकून खजिनदार बराच वेळ पाणी पीत राहिले.

कोर्ट म्हटलं की आपल्याला वाटतं, खटला नातवंडांच्या नावावर करावा लागणार. इथे पंधरा मिनिटांत संपलं. न्यायाधीशांनी विचारलं, शेवटची सभा कधी झाली? वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी साल सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग हुकूम सुटला: अमुक शनिवारी, अमुक हॉलमध्ये, दुपारी दोन वाजता. नोटीस प्रत्येकाला टपालाने. अमुक तारखेला जो सभासद असेल त्यालाच मत. आणि जे येतील, किंवा ज्यांची मुखत्यारपत्रं येतील, तीच गणसंख्या. मंडळाची घटना काहीही म्हणो. हे शेवटचं न्यायाधीशांच्या मनातलं नव्हे, कलमातच आहे.

अध्यक्षांना घाम फुटला. ‘‘म्हणजे काका आणि जावई दोघंच आले तरी नवीन कमिटी निवडतील?’’

‘‘जावई सभासद असले तर,’’ वकीलबाई म्हणाल्या आणि घड्याळ पाहिलं. त्या वाक्याचंही बिल आलं.

मग आम्ही जे कधीच केलं नव्हतं ते केलं. लोकांना सभेला बोलावलं. २१२ पाकिटं घरी जेवणाच्या टेबलाशी बसून चिकटवली. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर कोणी वाचलं नसतं, पण टपालाने आलेला ‘कोर्ट’ हा शब्द सगळ्यांनी वाचला. फोन सुरू झाले. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: ‘‘हे कोर्टाचं दोन की आपलं दोन?’’ कुटुंबाच्या वर्गणीला मत एकच, त्यामुळे निदान तीन घरांत वर्गणी कोणी भरली यावरून वाद झाले. ‘‘सही यांची असेल, आठवण मी केली होती,’’ असं एका वहिनींनी मला सुनावलं. एका आजींचा सांगलीहून फोन आला. मागे लेकीकडे सहा महिने राहायला आल्या होत्या तेव्हा त्यांना उत्साहाने सभासद करून घेतलं होतं. आजी म्हणाल्या, ‘‘साक्षीला यायलाच हवं का रे? मी काहीच पाहिलेलं नाही.’’

त्या शनिवारी पावणेदोनला हॉल भरला. एकशे अडतीस माणसं! दोन पैठण्या मी स्वतः मोजल्या. एका मुलाने आईला विचारलं, ‘‘यातला आरोपी कोण?’’ आईने माझ्याकडे बोट दाखवलं. काका पहिल्या रांगेत, मांडीवर घटनेची प्रत, तिला पाच रंगांच्या चिठ्ठ्या. दोनच्या ठोक्याला सभा सुरू झाली. मंडळाच्या इतिहासात वेळेवर सुरू झालेली ही एकमेव गोष्ट.

हिशेबात ‘किरकोळ’ हा शब्द होता. त्यावर पन्नास मिनिटं गेली. काकांनी सोलून सोलून शेवटी त्यातून कोथिंबीर काढली. चार वर्षांची कोथिंबीर एकत्र पाहिली की भ्रष्टाचारच वाटते, हे मला मान्य आहे.

मग निवडणूक. ‘‘सचिवपदासाठी कोणी इच्छुक?’’ इतका वेळ कोथिंबिरीवर तावातावाने बोलणारे एकशे अडतीस लोक आपापले बूट न्याहाळू लागले. हॉलचा एसी ऐकू येऊ लागला. बोलून बोलून घसा कोरडा पडलेले काका तेवढ्यात चहा आणायला उठले.

सूचक मी, अनुमोदक अध्यक्ष. हात वर झाले, मोजले, इतिवृत्तात लिहिले. नियमाला धरून सगळं झालं, कारण चहाची रांग मोठी होती. काका परत आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

संध्याकाळी सात वाजता मखर, लेझिमी, ढोल आणि पातेलं गाडीत घालून मी काकांच्या दारात उभा राहिलो. दार काकूंनी उघडलं. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग आपल्या स्वच्छ, रिकाम्या गॅरेजकडे पाहिलं.

‘‘कोर्टाची ऑर्डर आहे का?’’ काकूंनी विचारलं.