अधिक माहितीसाठी

आमच्या सातारा-सांगली भागात अधिकराव हे नाव तसं नवलाचं नाही. फक्त ते ज्यांचं असतं त्यांच्या डोक्यावर फेटा असतो, कनवटीला तंबाखूची चंची असते आणि पारावर बसून ते दुसऱ्यांच्या पोरांच्या नावांचं वाटोळं करत असतात. हे नाव घेऊन बालवाडीत जाणारा मी एकटाच. वर्गात संदीप, सचिन, अमोल यांचा सुकाळ. बाईंनी ‘संदीप’ म्हटलं की निम्मी रांग उभी राहायची. माझं नाव घेतलं की सगळे बसल्या जागी हसायचे.

दोष पंचांगाचा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं. ही दरसालची अकरा दिवसांची उधारी साठत जाते आणि पावणेतीन वर्षांच्या आसपास एक जादा महिना घालून ती चुकती करतात. १९८८ साली हा जादा महिना ज्येष्ठात आला आणि त्याच्या पाठोपाठ मी. बारशाला आत्याने पाळण्यात वाकून ‘अधिक’ म्हणत कानात कुर्रर्र केलं. तिला म्हणे ऐनवेळी दुसरं काही सुचलंच नाही. आत्या लोकांना हा अधिकार कुणी दिला, याची एकदा चौकशी झाली पाहिजे.

शाळेत खरा घात केला गणिताने. मराठी शाळेत बेरीज वाचायची ती ‘आठ अधिक सात बरोबर पंधरा’ अशी. दर बेरजेला वर्गाच्या माना माझ्याकडे वळायच्या. धाकट्या भावाचं नाव चांगलं विनायक, पण शाळेत पाऊल टाकलं त्याच दिवशी तो ‘उणे’ झाला आणि दहावीपर्यंत उणेच राहिला. त्याचा राग अजून गेलेला नाही. पुढे बीजगणित सुरू झालं, तेव्हा तर मला कंसात घालून माझा वर्ग करू लागले.

कॉलेजात नोटीस बोर्डावर एकच वाक्य वर्षभर लटकलेलं असे : ‘अधिक माहितीसाठी कार्यालयात भेटावे.’ मित्रांनी ‘माहितीसाठी’ आणि ‘कार्यालयात’ हे दोन्ही शब्द खोडून त्यांच्या जागी ‘ला कँटीनमध्ये’ एवढंच लिहिलं. अकरावीची एक मुलगी खरंच शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आली. मी तिला होती नव्हती ती सगळी माहिती दिली. चहाही पाजला.

आजीकडे तक्रार केली की ती अधिक महिन्याची पोथी काढायची. त्यात गोष्ट आहे. बारा महिन्यांना बारा देव मिळाले आणि हा तेरावा बिनधन्याचा राहिला. लोक त्याला मलमास म्हणून हिणवू लागले. तो रडत विष्णूकडे गेला. विष्णूने त्याला आपलंच नाव दिलं, पुरुषोत्तम मास. म्हणजे माझ्याआधी या महिन्यालाच नावापायी रडावं लागलं होतं. मी आत्याला विचारलं, “मग मला पुरुषोत्तमच का नाही ठेवलंस?” आत्या म्हणाली, “आरं, गल्लीत दोन हाईत की आधीच!”

आजीची आणखी एक तऱ्हा. केक तारखेला कापा, औक्षण तिथीलाच, आणि तेही अधिक ज्येष्ठातल्या. भटजींनी समजावलं की निज, म्हणजे नेहमीच्या ज्येष्ठातली तिथी चालते. आजी म्हणाली, “चालवून घेणाऱ्यांना चालती.” अधिक ज्येष्ठ १९८८ नंतर आला तो थेट १९९९ ला, मग २००७ ला, मग २०१८ ला. तिच्या हिशेबाने मी तीन वर्षांचा झालो तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं.

लग्नात बायकोने उखाणा घेतला :

‘तेहतीस अनारसे, चांदीचं ताट,
अधिकरावांचं नाव घेते, तीन वर्षांनी बघा वाट.’

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. मला मात्र त्या दोन ओळींत पुढची सोय दिसली. अधिक महिना म्हणजे जावयाचा सण, त्याला ३३ अनारशांचं वाण. आणि २०१८ साली जावई अधिक, महिना अधिक, तिथीने वाढदिवसही त्यातच. सासूबाईंनी तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गुळात पीठ मुरवलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. खसखशीवर थापलेला पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. फुटून विखुरला म्हणजे ‘हसला’ म्हणतात. पाठोपाठ दुसराही हसला. माझ्या नावापायी कुणीतरी हसतंय आणि मला राग येत नाहीये, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. हसलेले दोन्ही मी उभ्याउभ्या खाल्ले. पुढचा घाणा साधला. पंगतीत सासूबाईंची पंचाईत अशी की “अधिक, अधिक वाढू?” असं काही त्यांच्या तोंडून निघेना. त्या न विचारताच वाढत राहिल्या.

तेव्हापासून मी हे नाव बिनदिक्कत सांगतो. फोनवरची मुलगी विचारते, “अधिक काय, सर?” मी म्हणतो, “काही नाही, एवढंच.” आईने मोबाइल मराठीत करून घेतलाय. दर बातमीखाली ‘अधिक वाचा’ दिसलं की ती दाबतेच. केसगळतीच्या तेलापासून परदेशातल्या निवडणुकांपर्यंत सगळं उघडून ठेवते. “तुझं नाव होतं, म्हटलं बघावं.”

२०२६ चा ज्येष्ठ पुन्हा अधिक. सासूबाईंनी पाडव्यालाच फोन करून विचारलं, “जावईबापू, तेहतीस पुरतील ना?”

नावाला जागायचं होतं. म्हटलं, “कसे पुरतील?”